पत्नी: पहा गृहव्यवस्था

सोमवार, ४ मार्च

ज्याची भीती होती तेच पुस्तक आज टेबलावर येऊन पडलं. 'गळती आणि दाब — एका पाणीपुरवठा अभियंत्याच्या आठवणी'. लेखक — माझे सासरे.

शहरातल्या लेखकांची जुनी पुस्तकं डिजिटल करायचं काम ग्रंथालयाने आमच्याकडे दिलं, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पुस्तकाचा मजकूर बाकीचे बघतात. माझ्याकडे येते ती फक्त शेवटची सूची — कुठला विषय कुठल्या पानावर, ते सांगणारी. बारीक टाइप, दोन रकाने, आणि मुंग्यांसारखे स्वल्पविराम. मुख्य नोंद समासाला चिकटून हवी, पोटनोंद जरा आत, आणि पानाच्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं की ते पान उघडलं पाहिजे. हे काम कुणालाच नको होतं, म्हणून ते माझं झालं.

लोकांची सूची चार-पाच पानांची असते. सासऱ्यांची अठ्ठावन्न पानांची.

लग्नानंतर आडनाव बदललं नाही याचा आज पहिल्यांदा मनापासून आनंद झाला. मूग गिळून बसले.

मंगळवार, ५ मार्च

मूग फार काळ टिकले नाहीत.

फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला दोन रकाने कळत नाहीत. तो सरळ डावीकडून उजवीकडे वाचत सुटतो. डाव्या रकान्यात होतं 'महापौर — भाषणे', उजव्या रकान्यात त्याच ओळीत 'मांजर'खालची पोटनोंद '—टाकीत पडणे'. प्रोग्रामने दिलं — 'महापौर, भाषणे टाकीत पडणे'. स्कॅनिंगवाल्याने ते खुर्चीवर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. मग त्याला चटकच लागली. मुळात जसं छापलंय तेही वाचायला लागला. 'मांजर — टाकीत पडणे, २०४. —ला पोहता येणे, २०४. —चे आभार न मानणे, २०५.' सगळे डबे सोडून हसत होते. मीसुद्धा.

हसून हसून डोळे पुसत तो म्हणाला, या लेखकाच्या घरच्यांनी कसे दिवस काढले असतील कोण जाणे!

मी म्हटलं, माझे सासरे आहेत.

तो खुर्चीवरून उतरला. मग म्हणाला की बांधणी मात्र फार उत्तम आहे पुस्तकाची.

बुधवार, ६ मार्च

घरी सांगून टाकलं. सासऱ्यांनी ऐकल्यावर आत जाऊन शर्ट बदलला आणि मगच जेवायला बसले. लोक पुस्तक वाचत नाहीत सूनबाई, सूची वाचतात, म्हणाले. म्हणून लिहायला जेवढा वेळ घेतला तेवढाच सूचीला घेतला म्हणे. एकट्याने. कुणाला हात लावू दिला नाही.

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी विचारलं, त्यात आम्ही असू का गं?

असणारच, मी म्हटलं. अजून 'प'पर्यंत पोचले नव्हते.

शुक्रवार, ८ मार्च

नणंदबाईंचा फोन. भावाकडून कळलं म्हणे. गोड आवाजात चौकशी, प्रकृती वगैरे, आणि मग मुद्दा. त्यांची नोंद अशी आहे —

कन्या
 —चा जन्म, ९७
 —चा हट्ट, १०१
 —चा हट्ट, पुन्हा, १०३–१०९
 —चा हट्ट, शाळेतील, १३४

छापील पुस्तकात कोण बघतंय, म्हणाल्या, पण आता कुणीही बोट लावणार आणि थेट पान उघडणार. त्यांच्या हाताखाली एवढी माणसं काम करतात. तीनातले दोन हट्ट तरी काढ.

मी सांगितलं की मला नाही काढता येणार. आमच्या विभागप्रमुख बाईंचा नियम एकच आहे — जसं छापलंय तसं. चूक छापली असेल तर चूकसुद्धा तशीच. नणंदबाईंनी तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हटलं, मग त्यांनी फोन ठेवला.

हट्टाची चौथी पोटनोंद झाली असती.

रविवार, १० मार्च

आज मोठे दीर स्वतःच आले. फोन नाही, काही नाही. येताना फळं.

'चिरंजीव, थोरले —नळ उघडा ठेवणे, ११८, १३१, २०७. —नळ उघडा ठेवल्याचा इन्कार, ११९, १३२, २०८.'

त्यांचं म्हणणं, पहिले दोन मान्य. पण २०७ वरचा नळ त्यांचा नव्हता, माझ्या नवऱ्याने उघडा ठेवला होता. इतकी वर्षं ते हे ओझं वाहतायत. नवरा म्हणाला, तेव्हा माझा हात नळापर्यंत पोचत नव्हता. दीर म्हणाले, स्टुलावर चढायचास. दोघं टक्कल पडलेले पुरुष, आणि नळावरून एकमेकांशी बोलेनात.

मग नवऱ्याने स्वतःची नोंद शोधायला सांगितली. 'चिरंजीव, धाकटे — पहा: चिरंजीव, थोरले.' बस, एवढंच. त्याचं तोंड पडलं. निदान एक तरी नळ माझ्या नावावर हवा होता, म्हणाला.

दीर म्हणाले, २०७ घे.

मंगळवार, १२ मार्च

सासरे ऑफिसात आले. इस्त्रीचे कपडे, खिशात पट्टी. पोटनोंदीपुढची रेघ मी आखूड केलीय असा त्यांना संशय होता. पट्टी पडद्याला लावून मोजली. मग स्कॅनिंगवाल्याला बोलावून पानं वाकडी आलीत का ते पाहिलं. त्या बिचाऱ्याने घाबरून महापौरांची गोष्ट स्वतःहूनच सांगून टाकली.

मला वाटलं आता स्फोट. सासऱ्यांनी पट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, तेव्हा हे सुचलं असतं तर पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघाल्या असत्या.

जाताना बाईंना भेटले. 'जसं छापलंय तसं' हा नियम ऐकून त्यांना भरून आलं. आजकाल असं कोण बोलतं, म्हणाले.

शुक्रवार, १५ मार्च

दिवसभर १ आणि ९ वेगळे करत बसले. संध्याकाळी नवऱ्याने फोनवर 'एकाला बरोबर आणतोय' म्हटलं, मी विचारलं, नऊ जणांना जेवायला काय करू?

रविवार, १७ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सूची पूर्ण झाली. चाचणीसाठी टॅबलेट घरी आणला. बाईंचं म्हणणं, साध्या वाचकाच्या हातात द्या, तो जिथे अडेल तिथे आपली चूक. साधे वाचक म्हणून सगळेच जमले — दीर, जाऊबाई, नणंदबाई. सासरे मधल्या खुर्चीत, नवरदेवासारखे.

प्रत्येकाने आपापल्या नावावर बोट लावलं. नणंदबाईंचे सगळे हट्ट पटापट उघडले. नळ उघडले. मांजर टाकीत पडलं आणि पोहून बाहेर आलं. सासरे प्रत्येक पानाला मान डोलवत होते. मग जाऊबाई म्हणाल्या, आईंना द्या की.

सासूबाईंनी हात पदराला पुसले, चष्मा लावला, 'प' शोधला. मी शेजारीच बसले होते.

'पत्नी — पहा: गृहव्यवस्था.'

बोट लावलं. 'गृहव्यवस्था — पहा: संसार.'

बोट लावलं. 'संसार — पहा: पत्नी.'

बोट लावलं. परत पत्नी.

हे बिघडलंय का गं, त्यांनी मला विचारलं. नोंदींची जोडणी मीच केली होती, एकेक करून, अठ्ठावन्न पानं, आणि एकदाही एका दमात तिन्ही वाचल्या नव्हत्या. छापील पुस्तक काढलं. तिथेही तेच. इतकी वर्षं ही बाई गोल गोल फिरतेय आणि कुणाला पत्ता नाही. कागदावर कळत नाही. पानं उलटायचा कंटाळा येतो, माणूस सोडून देतो.

सगळे हसले. दीर म्हणाले, आई, छान फेरफटका झाला तुझा. सासरेही हसले, आणि वर म्हणाले, अगं तू तर सगळीकडेच आहेस, तुला वेगळं पान कशाला?

सासूबाईंनी पुन्हा पहिल्यापासून केलं. पत्नी. गृहव्यवस्था. संसार. पत्नी. मग चष्मा काढला, घडी घातली.

"मांजराला दोन पानं आहेत," एवढंच म्हणाल्या, आणि कपबशा गोळा करून आत गेल्या.



सोमवार, १८ मार्च

सकाळी सासऱ्यांनी नेहमीसारखी हाक मारली — अगं, माझा चष्मा?

आतून उत्तर आलं, "पहा, कपाट."

कपाटात नव्हता. तसं सांगितलं.

"मग पहा, टेबल."

टेबलावर नव्हता.

"मग पहा, कपाट."

मी टूथब्रश तोंडात धरून जागच्या जागी थांबले. नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. सासऱ्यांना अजून काहीच कळलं नव्हतं. ते निमूट पुन्हा कपाटाकडे निघाले होते.

बुधवार, २० मार्च

आता कळलंय त्यांना.

मोजे कुठे? पहा, दोरी. दोरीवर नाहीत. मग पहा, दोरीखाली. वर्तमानपत्र? पहा, काल. काल कुठे ठेवलं? पहा, परवा. त्यांचे मित्र फोनवर विचारत होते, आहेत का घरी? सासूबाईंनी अतिशय अदबीने सांगितलं की पाहावं लागेल, आणि फोन तसाच टेबलावर ठेवून भाजी निवडायला बसल्या.

आवाज चढलेला नाही. तोंड फिरवलेलं नाही. स्वयंपाक वेळच्या वेळी. रक्तदाबाची गोळी तर त्या स्वतः पाण्यासकट हातात देतात, तिथे 'पहा' नाही. बाकी सगळं घर मात्र सूची झालंय. आज जेवताना सासऱ्यांनी मीठ मागितलं आणि मला हसू फुटलं. त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे! मीठ मीच उठून दिलं.

नवरा म्हणतो आपण मधे पडायचं नाही. याला मधे पडावंच लागत नाही, याची नोंदच थोरल्याकडे आहे.

गुरुवार, २१ मार्च

सासऱ्यांनी आज मला बाजूला घेतलं. तोडगा काढला होता. 'पत्नी' पुढचं 'पहा' काढायचं आणि लिहायचं — 'पत्नी: सर्वत्र'. एका शब्दात काम. शिवाय खरंही आहे, म्हणाले. पुस्तकात जिथे जिथे 'आम्ही' लिहिलंय तिथे ती आहेच.

ऑफिसात बाईंना विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला. सर्वत्र? सर्वत्रला कुठलं पान जोडणार? वाचकाने बोट कुठे ठेवायचं? पण मग, माझं तोंड बघून असेल, म्हणाल्या की नोंदी गोल फिरणं ही छपाईतली चूक नाही, सूचीकाराची आहे. मूळ सूचीला हात लावायचा नाही. पण लेखकाने खऱ्या पानांचे आकडे काढून दिले, तर डिजिटल आवृत्तीला वेगळी पुरवणी जोडता येईल, त्यांच्या सहीने.

सासऱ्यांना सांगितलं. त्यात काय, म्हणाले. अर्ध्या तासात काढतो.

शनिवार, २३ मार्च

अर्धा तास अजून चालू आहे.

गॅलरीत बसलेत, पेन्सिल घेऊन. मधेच मला बोलावतात. पान ६१ — 'याच सुमारास आमचे लग्न झाले व लगेच पूर्वेकडील टाकीचे काम सुरू झाले.' 'आमचे'मध्ये ती धरायची का? धरा, मी म्हटलं. त्यांनी मोठ्या समाधानाने ६१ लिहिलं. मग पान ९७ — 'कन्यारत्न झाले.' यात? मी म्हटलं, बाबा, वाक्यात माणूस दिसायला हवा. ते वाक्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी पुन्हा डोकावले. 'आम्ही' या शब्दांना गोल केले होते. पण एकेक तपासून खोडत चालले होते. आम्ही दिवसभर खड्ड्यात उभे होतो — हे आणि सहायक अभियंता. आम्ही चिंतेत होतो — हे आणि महापौर. एका ठिकाणचं 'आम्ही' म्हणजे हे आणि पंप.

सोमवार, २५ मार्च

ऑफिसातून आले तर सासरे दाराशीच उभे. बस म्हणाले. चपला काढायलाही वेळ दिला नाही.

पुस्तक उघडून वाचायला लागले. पान १४०. मुख्य वाहिनी फुटली त्या वेळचं. कोणत्या फिटरने कोणती झडप बंद केली, कुणाचा पाय घसरला, कुणी दोर धरला — सगळं नावानिशी. आणि मग — 'पहाटे चहा आला.'

"चहा आला म्हणजे?" मला विचारलं. "आपल्या पायांनी आला?"

मग पानामागून पान. डबा पोचला. मुलांचे आजारपण निघाले. घर बदलले. निरोप मिळाला. मुले मोठी झाली. प्रत्येकाखाली पेन्सिलीची रेघ. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, अहो बाबा, सगळे असंच लिहितात.

"मी नाही लिहीत. पंप चालू झाला असं मी कुठेही लिहिलेलं नाही, सूनबाई. कुणी चालू केला ते लिहिलंय. या पुस्तकात एकही झडप आपोआप उघडत नाही." पुस्तक मिटलं. "चहा मात्र येतो."

मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पाणी प्यायला मागितलं, मग स्वतःच उठून घेतलं.

मंगळवार, २६ मार्च

मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. सासरे पुस्तक छातीशी धरून दारात आले. घसा साफ केला.

"अगं, पान एकशे चाळीस. तो चहा तू आणला होतास ना?"

सासूबाईंच्या तोंडून सवयीने 'पहा' निघालंच होतं. पण त्या थांबल्या. वळून बघितलं त्यांच्याकडे.

"नाही. तुमच्या आईंनी. धाकटा नुकताच झालेला, मी अंथरुणावर होते."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. १४० खोडलं. मला त्यांची दया आली, एवढं धाडस करून आले आणि पहिलाच आकडा गेला. तरी त्यांनी दुसरं पान काढलं.

"दोनशे बारा. डबा पोचला."

"तो मी. दोन्ही पूल ओलांडून, चालत. तुम्ही उघडूनसुद्धा पाहिला नाहीत, फिटरला देऊन टाकलात."

"फिटरने सांगितलं तुला?"

"डबा घासून परत आला होता. तुम्ही कधी घासलात?"

सासऱ्यांनी २१२ लिहिलं. मग स्टूल ओढून तिथेच बसले. मी भाजी घेऊन बाहेर गेले. आत बराच वेळ आकडे चालले होते, आणि मधून मधून सासूबाईंचं 'नाही', 'तो मी', 'छे, शेजारच्या वहिनींनी'. फुकटचं एकही पान घेत नव्हत्या.

शुक्रवार, २९ मार्च

रोज दुपारी दोघं बसतात. 'पहा' संपलं. परवा चुकून नवऱ्याला एकदा मिळालं, पण ते जुन्या साठ्यातलं असावं.

आज नवीनच भानगड. वाचता वाचता सासूबाई म्हणाल्या, हे असं तुम्ही लिहिलंय होय? सासरे म्हणाले, म्हणजे काय, तुला माहीत नाही? हळूहळू उलगडा झाला. सासूबाईंनी पुस्तक वाचलेलंच नाही. कधीच!

सासऱ्यांचा विश्वास बसेना. प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसली होतीस. मी विचारलं होतं कसं वाटलं, तू म्हणालीस आवडलं.

"मुखपृष्ठ आवडलं होतं."

इतक्या वर्षांत एकदाही उघडावंसं वाटलं नाही? त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की लिहिण्याआधी जेवताना ऐकलं, लिहिताना जेवताना ऐकलं, छापून आल्यावर पाहुण्यांबरोबर ऐकलं. वाचायचं काय राहिलं होतं?

सासरे गॅलरीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत. त्यांनी बायकोला सूचीत घेतलं नाही, बायकोने त्यांना वाचलं नाही. कोण जास्त रागवायचं हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी सासूबाई पुस्तक घेऊन शेजारी जाऊन बसल्या. आता वाचतेय ना, म्हणाल्या. आणि खरंच वाचायला लागल्या, बोट ठेवून.

रविवार, ३१ मार्च

पान ३०५.

मी कपडे वाळत घालत होते म्हणून ऐकलं. सासूबाई एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. 'त्या दिवशी शहराला सकाळचे पाणी उशिरा मिळाले. माझ्या कारकिर्दीत असे एकदाच घडले. कारण व्यक्तिगत.'

कोणता दिवस, त्यांनी विचारलं.

सासरे पेन्सिलीचं टोक बघत होते. "तुझं ऑपरेशन होतं. तू शुद्धीवर येईपर्यंत बाहेर बसलो होतो. झडपांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या."

"मला कधी बोलला नाहीत."

"महापौरांनी जाब विचारला. त्यांनाही नाही सांगितलं."

सूचीत ते 'विलंब' खाली आहे. मी स्वतः तो आकडा जोडलाय. काही वाटलं नव्हतं.

कागद पुढे ओढत सासरे म्हणाले, मग लिहू का — 'पत्नी —मुळे पाणी उशिरा, ३०५'?

सासूबाईंनी मान हलवली. "'मुळे' नको. मी काही केलं नाही, मी तर झोपले होते. तुम्ही बसलात. तसं लिहा."

'पत्नी —जवळ बसून राहणे, ३०५.' असं लिहिलं. कपडे वाळत घालून झाले होते तरी मी एक टॉवेल दोनदा झटकला.

बुधवार, ३ एप्रिल

पुरवणीचा आराखडा बाईंना दाखवला. पसंत. फक्त शीर्षनोंदीवर अडलं, आणि ते सासूबाईंनी अडवलं. 'पत्नी' नको म्हणतात. पत्नी कुणाचीही असते. माझं नाव घाला.

घातलं. अकारविल्हे क्रमात त्या 'जलशुद्धी' आणि 'झडपा' यांच्या मधे बसल्या. शेजार चांगला आहे, म्हणाल्या.

मूळ सूचीतल्या तीन नोंदी तशाच गोल फिरत राहणार, जसं छापलंय तसं. पण आता 'पत्नी'शेजारी एक बारीकशी खूण आहे. तिच्यावर बोट लावलं की सरळ पुरवणीत.

शनिवार, ६ एप्रिल

पुरवणी निघतेय ही बातमी फुटली. नणंदबाईंनी आणि दिरांनी भंडावून सोडलंय. त्यांनाही पुरवणी हवी. नणंदबाईंचा मसुदा तयार — 'कन्या —चा हट्ट, योग्य ठरलेला'. सासरे ऐकून घेईनात. शेवटी सासूबाईंनी निवाडा केला. १०३ पासूनचा हट्ट लेकीचा बरोबर होता, तेवढा एक घाला. नळाचं मात्र काही बदलायचं नाही, तिन्ही थोरल्याचेच, मी पुसत होते पाणी.

नवऱ्याला अजूनही नळ नाही. आतून दुखावलाय.

शुक्रवार, १२ एप्रिल

पुस्तक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर चढलं. स्कॅनिंगवाल्याने शेवटची तपासणी म्हणून सासूबाईंच्या नावापुढचा एकेक आकडा उघडून पाहिला. मला वाटलं आता काहीतरी वाचून दाखवेल. ३०५ वर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, सगळे आकडे उघडतायत. आणि त्याच्या बायकोला फोन करायला बाहेर गेला.

घरी सगळ्यांनी मिळून पाहिलं. सासरे खूश, सासूबाई खूश, बाईंचा अभिनंदनाचा निरोप. सुटले! उद्यापासून एक छोटंसं, लेखकाला नातेवाईक नसलेलं पुस्तक मागून घेणार आहे.

सोमवार, १५ एप्रिल

सकाळी सासऱ्यांनी सांगितलं, पुस्तक उतरवून घ्या. सगळंच. नव्याने लिहायला घेतोय.

मी हातच टेकले. बाबा, पुरवणी झाली, सगळं जुळलं, आता काय राहिलं?

त्यांनी पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. पहिलंच वाक्य — 'माझा जन्म पहाटे झाला.'

"यात माझी आई कुठे आहे?" म्हणाले.